कॉलेजच्या मुलामुलींसाठी लष्करातील अधिकारीपदाची वाट

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी खात्याने या पत्रिकेत लिहायचे म्हणजे खोडव्यातले पाचट, हुमणी, माती परीक्षण, नाहीतर लागणीचे वेळापत्रक. यावेळी लष्करावर लिहितो आहे याचे काहींना नवल वाटेल. कारण साधे आहे. लागण नोंदीला आणि बेणेमळे पाहायला गटागटांत हिंडतो तेव्हा बांधावर चहा होतो. उसाचे बोलणे पाच मिनिटांत संपते आणि विषय पोरांच्या नोकरीवर येतो. "साहेब, थोरलं बी.एस्सी.ला हाय, पहाटं उठून भरतीचं पळतंय. तुमची कुठं वळख असली तर बघा की," असे सांगणारे सभासद एका हंगामात आठ-दहा तरी भेटतात. मी विचारतो, "आबा, पोरगा पदवीला आहे, मग जवानाच्याच भरतीला का? अधिकाऱ्याच्या परीक्षेला का बसवत नाही?" यावर बहुतेक जण गप्प राहतात. एखादा म्हणतो, "ते कर्नल-जनरलच्या पोरांचं काम. आपल्याला कोण घेतंय?"

हा गैरसमज आहे आणि तो घराला महाग पडतो. म्हणून चेअरमनसाहेबांच्या परवानगीने या अंकातली दोन पाने मागून घेतली.

आपल्या भागाला लष्कर नवे नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसे कामी आली. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावामागेच सैनिक लागले आहे. मोठे अधिकारीही या मातीने दिले. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात कोल्हापूर भागातल्या वडगावचे, १९२६ साली सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आले. अलीकडे जनरल मनोज नरवणे आणि त्यांच्यामागून जनरल मनोज पांडे हे दोघे मराठी लष्करप्रमुख लागोपाठ झाले. तरी गावात मोजायला बसले तर जवान गल्लीगल्लीत सापडतो आणि अधिकारी तालुक्यात शोधावा लागतो.

पहिली गोष्ट नीट समजून घ्यावी ती ही, की जवान आणि अधिकारी यांची दारे वेगळी आहेत. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर पळून जो निवडला जातो तो जवान. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून ही भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि योजना जाहीर करताना त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम करायचे ठरले. त्या नोकरीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दहावी-बारावी झालेल्या, अंगाने काटक पोराला ती चांगलीच आहे. पण जो पदवी घेतो आहे त्याच्यासाठी दुसरे दार उघडे असते. ते दार मैदानावरून जात नाही, कॉलेजातून जाते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये धरले आहे, त्यावर लष्करी सेवा वेतन १५,५०० आणि महागाई भत्ता वेगळा. प्रशिक्षणाच्या काळातही ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. खर्च घरच्यांना सोसावा लागत नाही.

बारावीनंतर लगेच जायची वाट म्हणजे खडकवासल्याची एनडीए. ती बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून इथे फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून तिथे मुलीही आहेत आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. हा लेख आहे तो एनडीएचे वय निघून गेलेल्या, पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींसाठी.

कॉलेजातच लष्करी शिक्षण देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९१६ सालच्या कायद्याने विद्यापीठांतून अशी पथके निघाली. तिथे विद्यार्थी आपल्या पदवीच्या विषयांबरोबर लष्करी शास्त्र आणि नेतृत्वाचे वर्ग करतो, आणि कराराप्रमाणे सगळे पार पडले की पदवीबरोबर लष्करी अधिकारीपदही हातात पडते. आपल्याकडे १९१७ साली युनिव्हर्सिटी कोअर निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून १९४८ चा कायदा झाला आणि एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, सुरू झाली. मुलींचा विभाग १९४९ पासून. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात ती सक्तीची केली होती, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. आपल्यातले जे पंचाहत्तरी ओलांडलेले सभासद त्या काळात कॉलेजात होते त्यांना ती सक्तीची परेड आठवत असेल. त्यांच्या सांगण्यामुळेच की काय, पुष्कळ घरांत आजही एनसीसी म्हणजे उन्हात उभे राहायची शिक्षा असे मत आहे.

आपली एनसीसी अमेरिकेसारखी नाही, हे दोन्ही अंगांनी ध्यानात ठेवावे. एनसीसी केली म्हणून कोणी आपोआप अधिकारी होत नाही. आणि एनसीसीत नाव घातले म्हणून मुलाला लष्करात गेलेच पाहिजे असेही नाही. कसलाही करार नाही, बंधन नाही. "एकुलता एक हाय, तिकडं घेऊन गेले तर?" असे एका माउलीने मला विचारले होते. कोणी घेऊन जात नाही. जायचे म्हटले तरी निवड किती अवघड आहे ते पुढे सांगतोच.

कॉलेजातला मुलगा सीनियर डिव्हिजनमध्ये आणि मुलगी सीनियर विंगमध्ये येते. आठवड्याची परेड, कवायत, नकाशा वाचणे, होकायंत्र, पॉइंट टू टू रायफलीने नेमबाजी, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळची कामे, वर्षातून दहा दिवसांचे शिबिर असा साधारण क्रम असतो. कॉलेजातलेच एक प्राध्यापक त्याचे अधिकारी असतात. गणवेशाचा बोजा घरावर पडत नाही. ज्यांची हुशारी दिसते त्यांना पुढे दिल्लीचे प्रजासत्ताक दिनाचे शिबिर, सैन्याच्या पलटणीबरोबर राहण्याचे शिबिर अशा संधी मिळतात. कॅडेट, लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, अंडर ऑफिसर अशी चढण आहे. माझ्या मते खरा फायदा इथे होतो. एकोणीस वर्षांच्या पोराला तीस-चाळीस पोरे वेळेवर उभी करायची, त्यांचे जेवण झाले का ते बघायचे, एखादा आजारी पडला तर कोणाला कळवायचे ते ठरवायचे. वर्गात बसून हे येत नाही.

दोन वर्षे झाली की 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा, तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची. आता मुख्य मुद्दा. पदवी तीन वर्षांची आणि 'सी' प्रमाणपत्रही तिसऱ्या वर्षी. म्हणजे प्रथम वर्षाला प्रवेश घेतानाच एनसीसीत नाव गेले नाही तर हिशेब जमत नाही. दुसऱ्या वर्षी जागा झालेला मुलगा 'बी'वर अडकतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात करायची ती डिसेंबरात केली तर तिला आडसाली म्हणता येत नाही, तसेच हे. काही कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीपासून सीनियर डिव्हिजन असते, तिथे दोन वर्षे आधीच पदरात पडतात. प्रत्येक कॉलेजात एनसीसी नसते आणि असते तिथे जागा मोजक्या असतात, पळवून आणि तपासून घेतात. तेव्हा कॉलेज निवडतानाच ही चौकशी करावी. आपण कॉलेज निवडताना एस.टी.ची सोय पाहतो, वसतिगृहाची फी पाहतो. या दोहोंबरोबर हा तिसरा प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत.

'सी' प्रमाणपत्राचे मोल काय? लष्कराची एनसीसी विशेष प्रवेश नावाची योजना आहे. वर्षातून दोनदा जाहिरात निघते. अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे वय १९ ते २५, अविवाहित, पदवीला सरासरी ५० टक्के गुण आणि 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अटींवर अर्ज करता येतो. या योजनेत लेखी परीक्षा नाही. अर्जातून निवडलेल्यांना थेट सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीला बोलावतात. लेखी परीक्षा नाही याचा अर्थ सोपे आहे असा मात्र करू नये. जागा एका खेपेला मुलांच्या पन्नास ते सत्तरच्या घरात आणि मुलींच्या जेमतेम पाच-सहा असतात आणि अर्ज साऱ्या देशातून येतात. शिवाय पदवीच्या गुणांवरून पहिली चाळणी लागते, म्हणून "नुसतं पास झालं तरी बास" हा विचार इथे चालत नाही.

एनसीसी नसली तरी वाट बंद होत नाही. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा सीडीएसची परीक्षा घेतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.ए. चालतो, बी.कॉम. चालतो, बी.एस्सी. कृषी चालतो. माझ्यासारखी कृषी पदविका मात्र चालत नाही, पदवीच लागते. डेहराडूनच्या अकादमीसाठी इंग्रजी, सामान्यज्ञान आणि गणित असे तीन पेपर, चेन्नईच्या ओटीएसाठी इंग्रजी आणि सामान्यज्ञान असे दोन. गणित दहावीच्या पातळीचे असते. डेहराडूनच्या जागांतल्या काही जागा 'सी' प्रमाणपत्रवाल्यांसाठी राखूनही ठेवतात. चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात, तेव्हा अंदाजाने गोल काळे करायची सवय मोडावी. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. आपल्या पोरांची गाडी अडते ती बहुधा इंग्रजीच्या पेपरात. त्यावर रोज थोडे वाचणे आणि मोठ्याने वाचणे याखेरीज दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांनाही गुणांवरून थेट एसएसबीला बोलावणे येते.

या सगळ्या वाटा शेवटी एसएसबीलाच जाऊन मिळतात. तिथे काय होते हे घरच्यांनाही माहीत असावे असे मला वाटते, कारण त्याची तयारी घरात आणि शेतात होते.

प्रयागराज, भोपाळ, बंगळूर वगैरे ठिकाणी लष्कराची ही मंडळे आहेत. उमेदवाराला पाच दिवस तिथेच राहावे लागते. पहिल्या दिवशी बुद्धीची चाचणी आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला व गटात बोलायला लावतात. यातच निम्म्याहून अधिक पोरे परत पाठवली जातात असा अनुभव जाऊन आलेले सांगतात. राहिलेल्यांच्या पुढचे दिवस तीन प्रकारच्या परीक्षकांपुढे जातात. एक मानसशास्त्रज्ञ, एक मुलाखत घेणारा अधिकारी आणि एक गटाची कामे पाहणारा अधिकारी. तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात.

मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या वेगाच्या असतात. बारा चित्रे, त्यातले शेवटचे कोरे, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. साठ शब्द, एकेकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचे. साठ प्रसंग तीस मिनिटांत. तू परीक्षेला निघाला आहेस आणि वाटेत अपघात दिसला, काय करशील, अशा धर्तीचे. विचार करून शोभेचे उत्तर लिहायला वेळच मिळत नाही. मनात जे रोजचे आहे तेच कागदावर उतरते. ही उत्तरे हिंदीतही लिहिता येतात. क्लासमध्ये पाठ केलेली उत्तरे या लोकांना चटकन ओळखू येतात, कारण शंभर पोरे तेच लिहून गेलेली असतात.

मला सर्वांत पटतो तो गटाच्या कामांचा भाग. आठ-दहा अनोळखी पोरांना मैदानावर नेतात. फळी, ओंडका, दोर एवढे साहित्य आणि एक जड ओझे देतात आणि पुढचे अडथळे ओलांडून सगळ्यांनी पलीकडे जायचे असे सांगतात. जमिनीला पाय लावायचा नाही, लाल रंगाच्या भागाला कशानेच शिवायचे नाही. नायक नेमून दिलेला नसतो. आता हे आपल्याला अनोळखी आहे का? गळिताच्या दिवसांत शेजारच्या ओल्या वाफ्यात उसाची भरलेली ट्रॉली रुतते, तेव्हा काय होते ते आठवा. दहा माणसे जमतात. एक जण बांधावर उभा राहून नुसता ओरडतो. दुसरा ड्रायव्हरला शिव्या देतो. तिसरा वाकून चाकाखाली बघतो, "दोन फळ्या आणि पाचट आणा, तू त्या अंगाला जा," असे हळूच सांगतो आणि स्वतः चिखलात उतरतो. लोक त्याचेच ऐकतात. का ऐकतात हे कोणाला सांगता येत नाही. मंडळाचा अधिकारी खुर्चीवर बसून नेमका हा तिसरा माणूस शोधत असतो. ओरडणाऱ्याचा आवाज मोठा असतो म्हणून तो निवडला जात नाही, आणि ज्याला युक्ती सुचली पण जो बोललाच नाही तोही मागे राहतो.

हा दुसरा दोष आपल्या पोरांत फार. काम येते, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. याला घरही थोडे कारण आहे. घरी पाव्हणे आले की पोराला आत पाठवतो. सोसायटीचा कागद आला की, "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणतो. बँकेत, तलाठ्याकडे, कारखान्याच्या गट ऑफिसात त्यालाच पुढे करावे. उसाची नोंद करायला बापाऐवजी कॉलेजला जाणारी मुलगी आली तर आमच्या स्टाफला आनंदच होईल.

मंडळ तपासते ते गुण पंधरा धरले आहेत. कामाची जुळणी करणे, जबाबदारी घेणे, लवकर निर्णय, सहकार्य, गटावर छाप, चिकाटी, धाडस, दम असे त्यात येतात. इंग्रजीचा झोक त्या यादीत नाही, आपले म्हणणे नीट मांडता येणे आहे. तरी थोडेफार इंग्रजी बोलता आलेच पाहिजे, कारण पुढचे प्रशिक्षण त्याच भाषेत चालते. एकदा निवड झाली नाही म्हणून वाट संपत नाही. वयात बसते तोवर पुन्हा जाता येते आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला निवडले गेलेले अधिकारी पुष्कळ आहेत. एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडेही मिळते.

निवड, मग वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी. एसएसबीने शिफारस केली तरी जागांपेक्षा शिफारसी जास्त झाल्या तर यादीत नाव येत नाही, हेही आधी कळलेले बरे. वैद्यकीय तपासणीत सपाट तळवे, चिकटणारे गुडघे, रंगांधळेपणा अशा गोष्टींवर मुले अडतात. सोळाव्या-सतराव्या वर्षीच एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे. छातीवर, मानेवर, दंडावर गोंदवून घ्यायची हौस हल्ली वाढली आहे. लष्कराला हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच गोंदण चालते, इतरत्र चालत नाही. जत्रेत दोनशे रुपये देऊन काढलेला वाघ पुढे आडवा येतो.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. निवड झाल्यावर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. आपल्याकडे बांधाच्या नाहीतर पाण्याच्या पाळीच्या भांडणात फिर्याद देताना समोरच्या घरातल्या सगळ्यांची नावे घालायची पद्धत आहे, जो पोरगा त्या दिवशी कॉलेजात होता त्याचेही. भावकीतल्या भांडणात कॉलेजची पोरे पुढे करू नयेत, आणि दुसऱ्याच्या पोराचे नावही उगाच गोवू नये.

प्रशिक्षण कसे असते तेही थोडक्यात. चेन्नईची संस्था १९६३ पासूनची, तिथे १९९२ पासून मुलीही शिकतात. मुदत ४९ आठवडे. पहाटेपासून रात्रीपर्यंत कवायत, पाठीवर ओझे घेऊन पळणे, पोहणे, शस्त्रे, नकाशा, रात्रीच्या हालचाली, युद्धशास्त्राचे वर्ग, आणि आळीपाळीने आपल्याच सोबत्यांचे नेतृत्व. जो एखाद्या कसोटीत कमी पडतो त्याला मागच्या तुकडीत टाकतात. आपल्या मुलांना कष्टाचे भय नसते, पोहणेही विहिरीवर शिकलेले असते. त्यांना अवघड जाते ते तक्त्याप्रमाणे मिनिटामिनिटाचे जगणे. एनसीसीची शिबिरे केलेल्याला त्याची सवय झालेली असते.

या भागाला मुलींच्या बाबतीत एक उदाहरण जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई, वयाची अट शिथिल करून घेऊन एसएसबीला बसल्या, चेन्नईला आपल्याहून कितीतरी लहान मुलींबरोबर प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणे कायम कमिशनसाठी विचारात घ्यावे असा निकाल दिला. तेव्हा पदवीचे तिसरे वर्ष संपायच्या आत मुलीचे लग्न उरकायची ज्यांना घाई आहे त्यांनी एवढे पाहावे, की ही योजना अविवाहितांसाठी आहे. लग्न झाले की तिचे हे दार बंद.

आता तोट्याची बाजू. डेहराडूनचे कमिशन कायमचे असते. चेन्नईचे अल्पमुदतीचे, दहा वर्षांचे. ते आणखी चार वर्षे वाढवता येते, आणि दहा वर्षांनंतर कायम होण्यासाठी अर्ज करता येतो, पण सर्वांनाच घेतात असे नाही. चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला जन्मभराची पेन्शन नसते. पस्तीस-चाळिशीत दुसरे काम शोधावे लागते. पदवी आणि माणसे सांभाळल्याचा अनुभव जवळ असल्याने ते सहसा अडत नाही. पण घरात हे आधीच बोलून ठेवावे, नंतर "आम्हाला वाटलं पेन्शन हाय" असे व्हायला नको.

पैशांबद्दलही सावध करतो. शहराशहरांत अकादम्या निघाल्या आहेत. काही चांगल्या आहेत, काही नुसत्या फी घेणाऱ्या. अमुक लाखात अधिकारी करून देतो असे सांगणारा एक इसम आपल्या भागातही फिरून गेला. जिथे तीन परीक्षक वेगवेगळे मत देतात आणि उमेदवार गटात नावाने नव्हे, छातीवरच्या क्रमांकाने ओळखला जातो, तिथे असे करून देणारा कोणी नसतो. उसाच्या बिलातून असल्या माणसाला उचल देऊ नये.

सरकारची सोय मात्र मोफत आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. नाशिक रोडला महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एसएसबीची तयारी करून घेतात, राहणे-जेवण आणि प्रशिक्षण यांचे काही घेत नाहीत. सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेला, किंवा 'सी' प्रमाणपत्रात 'ए' वा 'बी' श्रेणी असून एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयाची शिफारस मिळालेला, किंवा तांत्रिक योजनेचे एसएसबीचे पत्र आलेला उमेदवार यासाठी चालतो. निवड जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते. चौकशीला तिथेच जावे. बाप माजी सैनिक असलाच पाहिजे अशी अट नाही.

अर्ज करताना जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरतात. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि कॉलेजचे कागद यांत नावात किंवा आडनावात फरक असेल तर तो प्रथम वर्षालाच दुरुस्त करून घ्यावा. सीडीएसची परीक्षा साधारण एप्रिल आणि सप्टेंबरात असते, जाहिरात तीन-चार महिने आधी निघते. वयाची अट दिवसावर मोजतात, म्हणून जाहिरातीतली तारीख स्वतः वाचावी, ऐकीव धरू नये. ज्यांना ताज्या जाहिरातीची छापील प्रत हवी असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव आणि गाव लिहून द्यावे. लागण नोंदीच्या पुढच्या फेरीला येताना प्रती बरोबर आणीन.